राईनपाड्याची अफवा आणि परराष्ट्रीय राजकारण

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, साक्री तालुक्यातील डोंगराळ मुलखात, राईनपाडा नावाचे एक लहानसे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी रविवार होता व तो गावच्या आठवडे बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी फिरत फिरत त्या दिवशी तेथे येऊन पोहोचले. मुले पळविणारी टोळी या भागात हिंडत आहे, ती मुलांची मूत्रपिंडे काढून विकते, अशा मजकुराचे संदेश त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाईलच्या द्वारे घरोघर जाऊन पोहोचले होते. आलेल्यांपैकी एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढेच निमित्त पुरले. जमावाने त्या पाचही जणांस धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील एका खोलीत कोंडले आणि तेथे त्यांस मरेपर्यंत मारहाण केली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दारोदार फिरून पोट भरले, ती ही माणसे. मुले पळविण्याशी त्यांचा काडीइतकाही संबंध नव्हता.

गुन्हा गावात घडला आणि तपास जिल्ह्याच्या पोलिसांनी केला. येथवर पाहिले तर हे प्रकरण एका जिल्ह्याचे आहे. परंतु ज्या वाटेने ती अफवा राईनपाड्यापर्यंत आली, त्या वाटेचा माग काढू लागले म्हणजे जिल्ह्याची वेस केव्हाच मागे पडते. त्या दिवसांत मुले पळविण्याच्या अफवेबरोबर देशभर ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांतील एक मूळची कराचीची होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलास उचलून नेतात, असे दृश्य तीत होते. वस्तुत: पालकांस सावध करण्यासाठी एका सेवाभावी संस्थेकरिता केलेली ती जाहिरात होती, मुलास सुखरूप परत आणून सोडल्याचा व उपदेशाचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला भाग खरी घटना म्हणून सोडून दिला. दुसऱ्या एका चित्रफितीत ओळीने ठेवलेली मुलांची प्रेते दाखविली होती. ती सीरियातील घौता येथे ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात बळी पडलेल्या मुलांची होती. आणि हे सर्व ज्या यंत्रणेतून वाहून आले, त्या व्हॉट्सॲपची मालक कंपनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात होती.

पाकिस्तानातील जाहिरात, सीरियातील युद्ध आणि अमेरिकेतील कंपनी या तिहींचा धागा साक्री तालुक्यातील एका बाजारात येऊन मिळावा, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी कोणास सांगितली असती तर ती कादंबरीतील कल्पना वाटली असती. आज ती वस्तुस्थिती आहे. आणि राष्ट्राराष्ट्रांचे परस्परसंबंध ज्या तऱ्हेने बदलत चालले आहेत, ते समजून घेण्यास राईनपाड्याहून अधिक बोलके उदाहरण खानदेशात तरी सापडणार नाही.

परराष्ट्रीय राजकारण म्हणजे काय, याची जुनी कल्पना मराठी माणसास चांगली परिचित आहे. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी आपला वकील ठेवावा, त्याने तेथील बातमी खलित्यातून धाडावी, धन्याचे म्हणणे तेथे मांडावे, तह घडवून आणावा किंवा मोडावा, असा तो व्यवहार होता. दिल्लीस पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा जो पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. आणि त्या राजवाड्यांच्या नावाने १९२७ पासून धुळ्यास संशोधन मंडळ चालत आले आहे. तेव्हा राज्ये पत्रांवर कशी चालत, हे जाणून घेण्यासाठी खानदेशच्या वाचकास दूर जावे लागत नाही.

त्याच काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांस ती वार्ता प्रथम कळली ती एका सावकारी पेढीच्या पत्रातून, असे सांगतात. त्या पत्रात मोत्ये गळाल्याची व मोहरा हरवल्याची व्यापारी भाषा होती. तिचा अर्थ ज्यास समजावयाचा त्यास समजला. या प्रसंगात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. बातमीची सर्वांत जलद वाट राज्याच्या ताब्यात नसून खाजगी पेढीच्या ताब्यात होती. पत्रातील मजकूर परक्यास उमगू नये अशा संकेतात लिहिला होता. आणि तरीही ते पत्र राज्यकर्त्याच्या हाती पडू शकले, कारण पत्र घेऊन जाणारा कासीद हाडामांसाचा होता, रस्ता राज्याच्या मुलखातून जात होता आणि त्यास वाटेत अडविता येत होते. खाजगी मालकी, संकेताची भाषा आणि रस्त्यावरील सत्ता या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन आज पुष्कळ पटींनी वाढल्या आहेत, आणि तिसरी पुष्कळशी नाहीशी झाली आहे. नव्या काळातील राजकारणाचा सारा घोळ या एका वाक्यात सामावलेला आहे.

मधल्या काळात तारायंत्र व बिनतारी यंत्र ही दोन साधने आली आणि त्यांनीही राजकारणाची चाल बदलली. तार येण्यापूर्वी दूरच्या दरबारातील वकिलास पुष्कळ गोष्टी स्वत:च्या जबाबदारीवर ठरवाव्या लागत. तार आल्यावर तो राजधानीच्या हुकमाचा ताबेदार झाला. परंतु तारेचे खांब कोणत्या तरी सरकारच्या जमिनीवर उभे असत, त्यामुळे सरहद्दीवर दोन सरकारांची गाठ पडेच. म्हणूनच १८६५ मध्ये पॅरिस येथे वीस राष्ट्रांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन केला व तारांच्या दळणवळणाचे नियम ठरविले.

नभोवाणीची गोष्ट याहून वेगळी. तिच्या लहरींस सरहद्द अडवू शकत नाही. एका देशाच्या केंद्रावरून दुसऱ्या देशातील लोकांस चिथावणी देता येते, हे ध्यानी येताच राष्ट्रसंघाच्या विद्यमाने जिनीव्हा येथे १९३६ मध्ये एक करार झाला. परक्या मुलखातील लोकांस अशांततेस प्रवृत्त करणारी भाषणे व राष्ट्रांमधील सद्‌भावास बाध आणणाऱ्या खोट्या बातम्या आपल्या केंद्रांवरून जाऊ द्यावयाच्या नाहीत, असे सह्या करणाऱ्या सरकारांनी मान्य केले. त्यावेळच्या हिंदुस्थान सरकारनेही हा करार स्वीकारला होता. दुसऱ्या महायुद्धात त्याची काय अवस्था झाली हे सर्वश्रुत आहे. तरीही त्यामागील विचार स्पष्ट होता. ध्वनिक्षेपक केंद्र कोणत्या तरी देशात असते, त्या देशाचे सरकार त्यास परवाना देते, सबब त्या केंद्रावरून जे बोलले जाईल त्याबद्दल त्या सरकारास जाब विचारता येतो.

आंतरजालाने हा विचारच डळमळीत केला. सायबर अवकाश असे ज्यास म्हणतात, ते अवकाशात कोठे तरंगत नाही. खंडाखंडांमधील त्याची बहुतेक वाहतूक समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून होते, आणि हिंदुस्थानात येणाऱ्या अशा तारांचे एक मोठे ठाणे मुंबईचा किनारा हे आहे. म्हणजे तारा आहेत, यंत्रे आहेत, इमारती आहेत, आणि त्या प्रत्येकीस कोठला ना कोठला मुलूख आहे. परंतु जो मजकूर त्यांतून जातो, त्याचा लेखक एका देशात, वाहक दुसऱ्या देशात, वाचक तिसऱ्या देशात, आणि त्यामुळे घडणारा अनर्थ कदाचित चौथ्याच ठिकाणी, अशी परिस्थिती असते. नभोवाणीवर एक बोलतो व लाखो ऐकतात. येथे प्रत्येक ऐकणारा बोलणाराही असतो. व्हॉट्सॲपचे वीस कोटींहून अधिक ग्राहक त्यावेळी एकट्या हिंदुस्थानात होते. वीस कोटी केंद्रांस परवाना कोण देणार आणि जाब कोणास विचारणार?

हा प्रश्न किती व्यावहारिक आहे, हे तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास विचारावे. समजा, एखाद्या संदेशाविषयी अमेरिकेतील कंपनीजवळ काही पुरावा आहे. धुळ्याच्या किंवा जळगावच्या ठाण्यातून तो थेट मागविता येतो असे नाही. ग्राहकाचे नाव, क्रमांक अशी जुजबी माहिती कंपनी काही वेळा विनंतीवरून देते. परंतु पत्रव्यवहारातील प्रत्यक्ष मजकूर परकीय सरकारच्या हाती परस्पर देण्यास अमेरिकेचा कायदा आडवा येतो. त्यासाठी २००१ मध्ये हिंदुस्थान व अमेरिका यांच्यात फौजदारी कामी परस्परसाहाय्याचा तह झाला आहे. मागणी जिल्ह्यातून राज्य सरकारकडे, तेथून दिल्लीस केंद्रीय गृहखात्याकडे, तेथून वॉशिंग्टनला न्यायखात्याकडे, तेथून अमेरिकन न्यायाधीशापुढे आणि मग कंपनीकडे, असा तिचा प्रवास. उत्तर त्याच वाटेने उलट यावयाचे. अफवा क्षणात येते, आणि तिचा पुरावा मिळविण्यास महिनोन् महिने लागतात. साध्या फौजदारी खटल्यातील तपासही अशा रीतीने दोन राष्ट्रांमधील कामकाज होऊन बसतो.

येवढे करून मजकूर हाती येईलच अशी शाश्वती नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठविणाऱ्याच्या मोबाईलमध्येच कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या मोबाईलमध्येच उघडतात. वाटेत ते कोणाच्या हाती पडले तरी अर्थशून्य अक्षरांचा ढीग तेवढा दिसतो; कंपनीलाही तो वाचता येत नाही. सावकाराच्या पत्रातील मोत्यांची व मोहरांची भाषा जाणत्यास ओळखता येत असे. या नव्या कुलपाची किल्ली मात्र ज्याच्या त्याच्या खिशात असते.

राईनपाड्याच्या घटनेनंतर दोनच दिवसांत, ३ जुलै २०१८ रोजी, केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने कंपनीस कडक शब्दांत समज दिली. आपल्या यंत्रणेचा असा दुरुपयोग होत असता कंपनीस जबाबदारी झटकता येणार नाही, असा तिचा आशय होता. कंपनीचे उत्तरही तत्काळ आले. घडलेल्या प्रकारांची आपणांस भीती वाटते, परंतु हे संकट सरकार, समाज व कंपन्या या सर्वांनी मिळून निवारावयाचे आहे, असे तिचे म्हणणे होते. त्या पत्रव्यवहाराची भाषा पाहिली असता कोणासही दोन सरकारांमधील निषेधपत्राची व त्यास दिलेल्या उत्तराची आठवण व्हावी. ऑगस्टमध्ये कंपनीचे त्यावेळचे प्रमुख क्रिस डॅनियल्स दिल्लीस येऊन तत्कालीन मंत्री रविशंकर प्रसाद यांस भेटले. सरकारच्या मागण्या तीन होत्या: कंपनीने हिंदुस्थानात रीतसर बस्तान मांडावे, तक्रारी ऐकण्यास अधिकारी नेमावा, आणि घातक संदेश मुळात कोणी सोडला ते शोधून देण्याची सोय करावी. पहिल्या दोन मागण्यांच्या बाबतीत कंपनी वाटाघाटीस तयार झाली. तिसरी तिने साफ नाकारली.

या वाटाघाटींतून काहीच निष्पन्न झाले नाही असे नाही. पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडता येऊ नये, असा निर्बंध जुलै २०१८ मध्ये हिंदुस्थानापुरता लागू झाला. जानेवारी २०१९ मध्ये तोच नियम कंपनीने साऱ्या जगास लावला, आणि एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, अशी आणखी कडक मर्यादा घातली. धुळे जिल्ह्यातील पाच जणांच्या व त्या वर्षी देशात अन्यत्र बळी पडलेल्यांच्या मरणाने ब्राझील व इंडोनेशियातील माणसाच्या मोबाईलवरील नियम बदलला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यासाठी तह झाला नाही, कोणत्या विधिमंडळात मतदान झाले नाही. एका कंपनीने ठरविले आणि ते जगभर अंमलात आले. आणखी एक गोष्ट श्रोत्यांस मौजेची वाटेल. अफवांपासून लोकांस सावध करण्यासाठी या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आधार घेतला तो आकाशवाणीच्या केंद्रांचा! नव्या साधनाने बिघडविलेले जुन्या साधनाकडून सुधारून घेण्याचा हा प्रयत्न होता.

सरकारने पुढील पाऊल २५ फेब्रुवारी २०२१ रोजी टाकले. त्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या नियमांप्रमाणे ज्या संदेशवाहक कंपनीचे देशात पन्नास लाखांहून अधिक ग्राहक असतील, तिने गंभीर गुन्ह्याच्या कामी सक्षम हुकूम येताच संदेशाच्या पहिल्या लेखकाचा पत्ता लावून दिला पाहिजे, आणि तिचे जबाबदार अधिकारी हिंदुस्थानात राहणारे असले पाहिजेत. पहिला लेखक देशाबाहेर असेल तर देशाच्या आत ज्याने तो संदेश प्रथम सोडला, तोच पहिला लेखक समजावा, अशीही त्यात तरतूद आहे. कराचीची चित्रफीत या तरतुदीत बरोबर बसते. सरहद्द नसलेल्या प्रदेशात कायद्याने स्वत:ची सरहद्द आखण्याचा हा यत्न होय.

कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या उच्च न्यायालयात या तरतुदीस आव्हान दिले. एका संदेशाचा लेखक शोधावयाचा तर कोट्यवधी निरपराध लोकांच्या सर्व संदेशांची खूणगाठ ठेवावी लागेल आणि खाजगीपणाचा हक्क लयास जाईल, हे तिचे म्हणणे. तो हक्क मूलभूत असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी न्यायालयास असेही सांगितले की, कुलूप तोडावयास लावले तर व्हॉट्सॲप या देशातून निघून जाईल. जुन्या राजकारणात वकिलात बंद करून परत जाण्याची धमकी राजे देत असत. ती आता व्यापारी कंपनीच्या तोंडी आली आहे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हीच यातील खरी अडचण आहे. ज्याचा बाप किंवा भाऊ अफवेने मारला गेला, त्यास ती सोडणाऱ्याचे नाव कळण्याचा हक्क नाही असे कोण म्हणेल? आणि जो पत्रकार, जो वकील, जी पीडित स्त्री कुलूपबंद संदेशाच्या भरवशावर बोलते, तिचे कुलूप सैल करावे असे तरी कोण म्हणेल?

ही अडचण एकट्या हिंदुस्थानची नाही, त्यामुळे राष्ट्रांनी तिच्यासाठी नव्या चाली शोधल्या आहेत. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांशी बोलणी करण्यासाठी डेन्मार्कने २०१७ मध्ये स्वतंत्र राजदूत नेमून त्यास कॅलिफोर्नियात ठाणे दिले. राजदूत राष्ट्राकडे पाठवावयाचा, हा शतकानुशतकांचा संकेत तेथे मोडला. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे मार्च २०१९ मध्ये मशिदींवर हल्ला होऊन एक्कावन्न लोक ठार झाले व मारेकऱ्याने ते कृत्य फेसबुकवरून प्रत्यक्ष दाखविले. त्यानंतर दोन महिन्यांनी पॅरिसमध्ये जे निवेदन निघाले, त्यास हिंदुस्थानसह अनेक सरकारांनी आणि त्यांच्या बरोबरीने बड्या कंपन्यांनी पाठिंबा दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये कुलूपबंद संदेशांच्या प्रश्नावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान व जपान यांनी मिळून कंपन्यांस आवाहन केले. परस्परांशी बोलण्यासाठी जमणारी राष्ट्रे कंपन्यांशी बोलण्यासाठी एकत्र जमू लागली, हा बदल लहान नाही. आपल्या परराष्ट्र खात्यानेही २०२० मध्ये नव्या तंत्रज्ञानाच्या राजकारणासाठी एक स्वतंत्र शाखा उघडली.

आतापर्यंत जी चर्चा झाली ती अफवेची, म्हणजे शब्दांची. परंतु याच तारांतून यंत्रे बंद पाडणारे घातक आदेशही जातात, आणि तेथे राष्ट्रांमधील संबंधांस दुसरेच वळण लागते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्याच्या एका संगणकीय प्रणालीतून नॉटपेट्या नावाची विषवल्ली पसरली. रोख युक्रेनवर होता; परंतु डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी तीत सापडली आणि तिच्याशी संबंधित असलेल्या, मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातील एका धक्क्याचे कामकाज ठप्प झाले. मर्स्कचे नुकसान वीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात गेले. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची बावीस टन केळी दुबईस रवाना झाली. असा नाशिवंत माल परदेशी धाडणाऱ्या शेतकऱ्यास बंदर दोन दिवस बंद राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. रशिया व युक्रेन यांच्या वैराची झळ तापीकाठच्या बागेस लागू शकते, ती या मार्गाने. त्या हल्ल्यामागे रशियाचे लष्कर असल्याचा आरोप ब्रिटन व अमेरिका यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे सुमारे आठ महिन्यांनी, उघडपणे केला. रशियाने तो नाकारला.

तोफ डागली म्हणजे ती कोठून डागली हे दिसते. येथे हात दिसत नाही, आणि आरोप करणे किंवा न करणे हाच मुत्सद्देगिरीचा डाव होऊन बसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, आगगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढील वर्षी फेब्रुवारीअखेर एका खाजगी अमेरिकन संस्थेचा अहवाल आला. हिंदुस्थानच्या वीजव्यवस्थेत चीनशी संबंधित टोळीने शिरकाव केल्याचे त्यात म्हटले होते. मात्र मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्यात नमूद होते. महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी घातपाताचा संशय बोलून दाखविला. केंद्राच्या वीजमंत्र्यांनी तो मानवी चुकीचा परिणाम ठरविला. चीनने आरोप फेटाळला. एकाच घटनेविषयी खाजगी संस्था, प्रांतिक सरकार, मध्यवर्ती सरकार व परकीय सरकार असे चार निराळे सूर निघाले. पुरावा अपुरा असता आरोप करणाऱ्याची पत जाते, आणि गप्प बसल्यास शत्रूस भीड चेपते. दोहोंच्या मधली वाट चोखाळणे हे आजच्या परराष्ट्र खात्याचे नित्याचे काम झाले आहे.

प्रतिकाराची शस्त्रेही नवीन आहेत. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत वीस हिंदी जवान धारातीर्थी पडले. दोन आठवड्यांनी, २९ जूनला, सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९-अ अन्वये एकोणसाठ चिनी ॲपांवर बंदी घातली. टिकटॉक त्यांतच होते. लडाखमधील रणांगणाचे उत्तर खेड्यापाड्यांतील तरुणांच्या हातातील मोबाईलवर उमटले. गोळीबाराहून सौम्य आणि निषेधपत्राहून कडक असे हे मधले शस्त्र राज्यकर्त्यांच्या भात्यात पूर्वी नव्हते.

या नव्या प्रदेशास कायदा कोणता? संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये अकरा संकेत सुचविले. शांततेच्या काळात दुसऱ्याच्या वीज, पाणी, रुग्णालय अशा जीवनावश्यक यंत्रणांवर घाला घालू नये, आपल्या मुलखातून दुसऱ्यास अपाय होऊ देऊ नये, अशा स्वरूपाचे ते आहेत, आणि २०२१ मध्ये सर्व सभासद राष्ट्रांस खुल्या असलेल्या समितीने त्यांस पुन्हा दुजोरा दिला. परंतु ते बंधनकारक नाहीत. २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविषयीचा करार आमसभेने संमत केला. पुराव्याची देवघेव सुलभ करणे हा त्याचा एक हेतू आहे आणि तो अंमलात येण्यास चाळीस राष्ट्रांची अनुमती लागते. १९३६ च्या नभोवाणी कराराचा अनुभव जमेस धरला तर अशा करारांविषयी फार मोठी आशा बाळगणे धाडसाचे होईल. तथापि तारसंघाचा अनुभवही इतिहासातच आहे. त्यात राष्ट्रांनी आपल्या सोयीसाठी का होईना, नियम पाळले, आणि ती संस्था नाव बदलून आजही जिवंत आहे.

तह, नियम, वाटाघाटी यांची ही गोष्ट येथे संपविता आली असती. परंतु राईनपाड्याचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. पेशव्यांच्या काळी बातमी वाहून नेणे हे वकिलाचे व कासिदाचे काम होते, आणि खोटी बातमी दिल्याबद्दल त्यांस जबाबदार धरता येत असे. आज ते काम घराघरातील प्रत्येक माणूस करतो. कराचीच्या चित्रफितीचा शेवट कोणी कापला हे कळले नाही, तरी ती पुढे धाडणारे हात अनोळखी नव्हते. ते शेजाऱ्याचे, आप्ताचे, गावकीतल्या शहाण्याचे होते. कंपनीने पाचांची मर्यादा घातली, सरकारने नियम केले, राष्ट्रांनी संकेत ठरविले. परंतु संदेश वाचल्यानंतर आणि तो पुढे धाडण्यापूर्वी जो एक क्षण असतो, त्यावर कोणत्याही तहाचा अंमल चालत नाही. परमुलखातून आलेल्या वार्तेची शहानिशा करणे हे पूर्वी दरबारचे कर्तव्य होते. ते आता जळगावच्या आणि धुळ्याच्या प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले आहे.